पर्यटनाच्या पदवीला जाण्यापूर्वी एक सहल कागदावर काढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही चिमूर तालुक्यातील एका खेड्यात राहता आणि बारावी कला शाखेत शिकता. पुढे प्रवास आणि पर्यटन या विषयाची पदवी घेण्याची तुमची इच्छा आहे. मामा ताडोब्याच्या कोलारा गेटवर जिप्सी चालवतात, त्यामुळे पर्यटक रोज दिसतात. परंतु स्वतःचा प्रवास शेगाव आणि नागपूर यांच्यापलीकडे झालेला नाही. इंग्रजी कच्चे आहे, आणि वडिलांचे म्हणणे असे की फिरायलाच शिकायचे असेल तर त्यासाठी कॉलेजात पैसे कशाला भरायचे. जूनमधील प्रवेशापर्यंतच्या सात-आठ महिन्यांत नेमकी कोणती तयारी करावी, हे तुम्हाला हवे आहे.

मी या धंद्यात २२ वर्षे आहे. पहिली सहा वर्षे नागपुरात तिकिटांच्या खिडकीमागे गेली, त्यानंतर काही वर्षे टूर मॅनेजर म्हणून सहलींबरोबर फिरले, आणि आता वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे स्वतःचे छोटे कार्यालय आहे. मधूनमधून महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे पहिल्या वर्षाला येणारी मुले काय घेऊन येतात आणि कुठे अडतात हे दरवर्षी पाहण्यात येते.

तुम्ही इंग्रजीला आपली मुख्य अडचण समजता. माझ्या मते ती दुसऱ्या क्रमांकाची आहे. पहिली अडचण अशी की तुम्ही पर्यटनाची एकच बाजू पाहिली आहे, आणि ती यजमानाची बाजू आहे. नागपूर-पुण्याहून आलेला तुमचा वर्गमित्र लहानपणापासून गिऱ्हाईक म्हणून वावरलेला असेल. हॉटेलच्या काउंटरवर कोणते ओळखपत्र मागतात, विमानात सामानाचे वजन जास्त भरले की काय होते, पॅकेजमध्ये जेवण धरलेले आहे की नाही यावरून शेवटच्या दिवशी कसा वाद होतो, हे त्याने पाहिलेले असते. तुम्ही पाहिले आहे ते वेगळे: पहाटेच्या फेरीसाठी मामा किती वाजता उठतात, मंगळवारी ताडोबा बंद असतो त्या दिवशी गाडीचे कोणते काम निघते, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात गाभा क्षेत्र बंद असताना घरखर्च कसा भागवला जातो. ही माहिती त्या वर्गमित्राजवळ मुळीच नसते. मात्र अभ्यासक्रमातील बहुतेक धडे गिऱ्हाईक आणि कंपनी यांच्यामधल्या व्यवहाराबद्दल असल्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत तो पुढे दिसतो आणि तुमच्यासारखी मुलगी मागच्या बाकावर गप्प बसते. तेव्हा तयारी करायची ती राहिलेल्या अर्ध्या बाजूची. त्यासाठी प्रवासावर पैसा खर्च करण्याची गरज नाही. बरेचसे काम वही, नकाशा आणि वेळापत्रक यांवर होते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्यांचे उत्तर मी इथून देऊ शकत नाही. घरून बाहेरगावी वसतिगृहात राहण्याची परवानगी मिळेल का, शुल्काशिवाय खोली आणि खानावळीचा खर्च किती काळ झेपेल, आणि बारावीला गुण किती पडतील, यांवर महाविद्यालयाची निवड ठरेल. पुढे जे लिहिते आहे ते मात्र यांपैकी काहीही झाले तरी उपयोगी पडेल असे आहे.

प्रवेशाचा भाग आधी उरकते. लोक तीन वेगवेगळ्या वाटा एकच समजतात. हॉटेल व्यवस्थापन ही एक वाट. तिच्यात स्वयंपाकघर, खोल्यांची व्यवस्था आणि स्वागतकक्ष यांचे शिक्षण असते, आणि केंद्र सरकारच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थांसाठी राष्ट्रीय पातळीवरची वेगळी प्रवेश परीक्षा असते. विमानातील कर्मचारी होणे ही दुसरी वाट. तिच्यासाठी अमुकच पदवी लागते असे नाही. तुम्ही विचारता ती तिसरी वाट, म्हणजे सहलींची आखणी, तिकिटे, गिऱ्हाइकांची व्यवस्था आणि स्थळांची माहिती. या विषयाची केंद्र सरकारची मोठी संस्था १९८३ साली सुरू झाली. तिचे मुख्य ठिकाण ग्वाल्हेरला आहे, आणि तिची केंद्रे आता नोएडा, भुवनेश्वर, नेल्लोर आणि गोवा येथेही आहेत. राज्यातील ज्या महाविद्यालयांत पर्यटन हा विषय बीबीएच्या, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीच्या, अंगाने शिकवला जातो, तिथल्या प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्ष २०२४ पासून परीक्षा घेतो, तेव्हा त्या अर्जाच्या तारखेवर आतापासून लक्ष ठेवा. घर सोडणे शक्यच झाले नाही, तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचे दूरशिक्षण आहे, आणि ते घेत मामांच्या बरोबरीने गेटवर किंवा एखाद्या रिसॉर्टच्या कार्यालयात काम करणे हा कमी प्रतीचा मार्ग आहे असे मी मानत नाही.

वडिलांच्या पैशाच्या प्रश्नाशी संबंधित एक गोष्ट इथेच सांगते, कारण अनेक पालकांना ती उशिरा कळते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत राज्य शासन पूर्ण सवलत देते. अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या शिष्यवृत्ती आहेत, आणि बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी स्वाधार आणि स्वयं या योजना आहेत. ‘परीक्षा देऊ नको, आम्ही थेट प्रवेश देतो’ असे सांगणारे महाविद्यालय भेटले, तर या सवलतीचे काय होणार हे त्यांच्याकडून लेखी विचारून घ्या. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, वैधता, नॉन-क्रीमीलेअर, यांपैकी जे तुम्हाला लागू असेल त्याचे अर्ज दिवाळीनंतर लगेच सेतू केंद्रात द्या. निकालानंतर तिथे रांगा लागतात.

कागदपत्रांच्या याच फेरीत आणखी एक काम करा. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि बँकेच्या पासबुकात तुमचे नाव अक्षर न् अक्षर सारखे आहे का ते तपासा. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि बाकीची दोन नावे एकत्र. विमानाच्या तिकिटावर आडनाव आधी. एका अक्षराचा फरक घेऊन विमानतळाच्या दारात उभी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की स्वतःचा पासपोर्ट काढा. साध्या अर्जाचे शुल्क १,५०० रुपये आहे आणि तो १० वर्षे चालतो. परदेशी कधी जाणार असा प्रश्न घरी निघेल. परंतु पुढे तुम्ही इतरांचे अर्ज भरणार आहात, आणि स्वतःचा भरताना जे कळते ते वर्गात कळत नाही.

आता मुख्य तयारी. प्रवेशापूर्वी तुम्ही एकच सहल कागदावर पूर्ण काढावी, असे मी सांगेन. तीन दिवस, दोन मुक्काम, वीस माणसे, चिमूरहून निघून चिमूरला परत. समजा पहिल्या दिवशी सेवाग्राम आणि पवनार पाहून रात्री शेगाव, दुसऱ्या दिवशी दर्शन करून लोणार, आणि तिसऱ्या दिवशी सिंदखेड राजाला जिजाऊंचे जन्मस्थान पाहून समृद्धी महामार्गाने परत. त्या वीसांत एक सत्तरीच्या आजी धरा ज्यांचे गुडघे दुखतात, एक लहान मूल धरा, आणि एक गृहस्थ असे धरा ज्यांचा त्यातल्या एका दिवशी उपवास आहे. नंतर प्रत्येक दिवस तासातासाने लिहा: निघण्याची वेळ, चहा, लघवीसाठी थांबा, जेवण, पाहण्याचा वेळ, पोहोचण्याची वेळ. माझ्या वर्गातील मुलांचा पहिला मसुदा बहुधा असा असतो की गाडी सकाळी सहाला सुटते आणि माणसे सहाला गाडीत बसलेली असतात. वीस माणसे सहाला गाडीत हवी असतील, तर त्यांना साडेपाच सांगावे लागते, आणि तरीही पावणेसात वाजतात. नकाशा दाखवतो तो वेळ एकट्या मोटारीचा असतो. आजी आणि लहान मूल असलेल्या बसला निदान सव्वापट वेळ धरा.

याच सहलीतले एक उदाहरण नावांच्या गोंधळाचे आहे. गांधीजी १९३६ साली ज्या गावी राहायला आले, त्याचे मूळ नाव शेगाव होते, आणि त्यांचे टपाल बुलडाणा जिल्ह्यातील शेगावला जाऊ लागल्यामुळे गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. टपालाचा घोळ मिटला, पण तिकिटांचा अजून मिटलेला नाही, कारण वर्ध्याला वर्धा आणि सेवाग्राम अशी दोन वेगळी रेल्वेस्थानके आहेत. दोन्हींमध्ये अंतर थोडे असले, तरी गाडी सुटायला दहा मिनिटे उरलेली असताना चुकीच्या स्थानकावर उभ्या असलेल्या कुटुंबाला ते थोडे वाटत नाही.

वेळेबद्दल माझी स्वतःची एक चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अकरा जणांच्या एका कुटुंबाला रविवारी रात्री हरिद्वारला निघायचे होते. गाडी रात्री १२ वाजून ३५ मिनिटांनी होती आणि मी रविवारची तिकिटे काढली. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते, म्हणून रविवारची १२:३५ ची गाडी ही लोकांच्या भाषेत शनिवारच्या रात्रीची गाडी असते. ते कुटुंब रविवारी रात्री साडेअकराला डबे-पिशव्या घेऊन स्थानकावर आले तेव्हा त्यांची गाडी जाऊन सुमारे २३ तास झाले होते. तिकिटांचे पैसे मी तीन महिने पगारातून फेडले. तेव्हापासून रात्री ११ ते पहाटे ४ या वेळेतल्या कोणत्याही प्रवासावर मी दोन वार लिहिते: ‘शनिवारी रात्री घरून निघणे, गाडी रविवारी ००:३५’. तुमच्या कागदावर २४ तासांचे घड्याळ वापरण्याची सवय आत्ताच लावा.

आता पैसे. पुढचे आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी धरते आहे. आजचे दर तुम्हाला स्वतः फोन करून घ्यावे लागतील, आणि ते फोन करणे हाच सरावाचा निम्मा भाग आहे. समजा वीस आसनांची गाडी डिझेल, चालक आणि टोलसह तीन दिवसांना ३६,००० रुपये, आणि बरोबर जाणाऱ्या व्यवस्थापकाचे मानधन व राहणे-खाणे ६,००० रुपये. हे ४२,००० रुपये एक माणूस आला काय आणि वीस आले काय, द्यावेच लागतात. याशिवाय प्रत्येक माणसामागे दोन रात्रींचा मुक्काम १,२०० रुपये, तीन दिवसांचे जेवण-चहा १,०५० रुपये आणि प्रवेश व किरकोळ १५० रुपये, असे २,४०० रुपये. वीस माणसे धरली, तर ठरीव खर्चाचा वाटा माणशी २,१०० रुपये येतो, एकूण खर्च ४,५०० होतो, आणि त्यावर दहा टक्के घेऊन तुम्ही ४,९५० रुपये दर जाहीर करता. वर्गात सगळ्यांचे गणित इथे संपते आणि सगळ्यांना पूर्ण गुण हवे असतात.

प्रत्यक्षात सोयाबीनचा भाव पडतो, कोणाच्या घरी सुतक येते, आणि चौदाच माणसे निघतात. तुमच्याकडे जमा होतात ६९,३०० रुपये. खर्च होतो ४२,००० अधिक चौदा जणांचे ३३,६००, म्हणजे ७५,६०० रुपये. सहल छान झाली, लोक खूश झाले आणि तुमच्या खिशातून ६,३०० रुपये गेले. या दराने सोळा जणांपर्यंत तुम्ही तोट्यातच असता. फायदा सुरू होतो सतराव्या माणसापासून, आणि तोही १,३५० रुपयांचा. म्हणून आम्ही छोटे धंदेवाले वीसच्या गाडीचा दर पंधरा माणसे धरून काढतो. तो येतो ५,७२० रुपये. मग बाजारात दुसरा कोणीतरी ४,९५० सांगत असतो आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते, तेव्हा काय करायचे, हा पुढचा प्रश्न आहे. तो तुम्हाला पडला असेल, तर पदवीच्या पहिल्या वर्षातले निम्मे अर्थशास्त्र तुम्हाला आपोआप समजेल, कारण ते याच प्रश्नाभोवती फिरते. कला शाखेत असल्याने गणिताची भीती वाटत असेल, तर वर वापरलेले सारे गणित बेरीज-गुणाकाराचे आहे हे पुन्हा एकदा पाहून घ्या.

रेल्वेचा सरावही असाच फुकट होतो. प्रत्यक्ष तिकीट न काढता नागपूरहून दिल्ली, हावडा, चेन्नई आणि मुंबई या चारही दिशांच्या गाड्या शोधा. कोणती चंद्रपूर-बल्लारशाकडून जाते आणि कोणती बडनेरा-अकोला-शेगावकडून, हे नकाशावर बोट ठेवून पाहा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते; १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवस होती. तात्काळचे आरक्षण गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० वाजता आणि बाकीच्यांसाठी ११ वाजता सुरू होते. प्रतीक्षायादी आणि आरएसी (कोणाचे तिकीट रद्द होईपर्यंत मिळणारी नुसती बसण्याची जागा) यांतला फरक आजीला समजेल अशा मराठीत सांगता येतो का, ते करून पाहा.

स्थळांच्या माहितीबद्दल माझे मत काहींना कडक वाटते. तुम्ही जिथे राहता त्या तालुक्याबद्दल वीस मिनिटे खरे बोलता येणे, हे ताजमहालाबद्दल पाठ केलेल्या माहितीपेक्षा मला मोलाचे वाटते. नागपूरहून कोलारा गेटला जाणाऱ्या कितीतरी गाड्या चिमूरवरून जातात आणि चहालासुद्धा थांबत नाहीत. १६ ऑगस्ट १९४२ रोजी याच गावाने इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केला होता, हे त्या गाड्यांतल्या बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते. बालाजीची घोडायात्रा, ती कधी भरते, त्या दिवसांत रस्ता कसा तुंबतो, हेही तुम्हाला माहीत आहे. मंगळवारी ताडोबा बंद असतो आणि सोमवारी आलेला पर्यटक बुधवारची फेरी मिळेपर्यंत रिसॉर्टवर बसून राहतो. त्या मंगळवारी त्याला तुमच्या तालुक्यात काय दाखवता येईल, यावर दोन पाने लिहा. अशी दोन पाने प्रवेशाच्या मुलाखतीत घेऊन आलेली मुलगी मला आजवर एकदाच भेटली, आणि तिची निवड करायला आम्हाला पाच मिनिटेही लागली नाहीत.

खरे बोलणे म्हणजे काय, याचे उदाहरण लोणारचे देते. ते सरोवर उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेल्या विवरात आहे, पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, आणि २०२० साली त्याला रामसर पाणथळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, हे निश्चित. पण विवराचे वय विचारले की काही वाटाडे ‘बावन्न हजार वर्षे’ असे ठोकून सांगतात. एका पद्धतीने केलेल्या मोजणीत साधारण तेवढे वय आले होते. नंतर दुसऱ्या पद्धतीने ते साडेपाच लाखांहून अधिक आले. दोन्ही सांगावेत आणि पद्धती वेगळ्या आहेत असे म्हणावे. लवणासुराची कथाही सांगावी, पण कथा म्हणून सांगावी, आणि दैत्यसूदन मंदिर पाहताना ती सांगितली तर ऐकणाऱ्याला अधिक भिडते. ताडोब्यातही तसेच: हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे, हे इतिहासाचे, आणि तारू नावाच्या देवाची आदिवासींची कथा श्रद्धेची. दोन्हींची सरमिसळ केली की दोन्हींचा मान जातो. वाघ दिसेलच असे कधीही कोणाला सांगू नका, हे मामांनी तुम्हाला सांगितलेच असेल.

इंग्रजीकडे येते. तुम्ही झाडीबोली बोलता, पर्यटकांशी हिंदी बोलता आणि शाळेत प्रमाण मराठी लिहिता. म्हणजे माणूस पाहून भाषा बदलण्याची सवय तुम्हाला आहेच, आणि या धंद्यात हीच सवय लागते. धंद्याचे इंग्रजी अरुंद आहे. चौकशीला उत्तर, दरांचे पत्र, बुकिंग पक्के झाल्याचे पत्र, पैसे मिळाल्याची पोच, उशिराबद्दल दिलगिरी आणि रद्द केल्यावर परताव्याचा हिशेब, अशा सहा प्रकारच्या पत्रांत त्याचा मोठा भाग आटोपतो. तुमच्याच कागदावरच्या सहलीसाठी ही सहा पत्रे आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत, आणि इंग्रजीच्या सरांकडून तपासून घ्या. वाक्ये आखूड असू द्या. त्याबरोबर एक गंमतीची पण अत्यंत कामाची गोष्ट पाठ करा: फोनवर नावाचे स्पेलिंग सांगताना वापरली जाणारी अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही सव्वीस शब्दांची मालिका. ‘बी’ आणि ‘डी’ फोनवर सारखेच ऐकू येतात. तुमचे पूर्ण नाव या पद्धतीने न अडखळता सांगता आले की वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांबरोबर तुम्ही निदान एका बाबतीत उभ्या राहाल, आणि आत्मविश्वासाला सुरुवातीला तेवढे पुरते.

मामांच्या जिप्सीचा उपयोग करून घ्या, परंतु फेरीला जाण्यासाठी नव्हे. दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस गेटच्या बाहेर बसा आणि वहीत फक्त पर्यटकांचे प्रश्न आणि तक्रारी लिहा. ओळखपत्र विसरलेले किती, नावात चूक असलेले किती, वेळ चुकलेले किती, मुलांना थंडी वाजेल हे कोणी सांगितले नव्हते असे म्हणणारे किती. यांतली बरीचशी गाऱ्हाणी जंगलात घडलेलीच नसतात. ती बुकिंगच्या टेबलावर आठ दिवस आधी घडलेली असतात, आणि त्या टेबलामागे बसण्याचेच तुमचे शिक्षण होणार आहे. अभ्यास मात्र बुडवू नका; दोन दिवस म्हणजे दोनच.

वडिलांशी बोलताना उत्पन्नाबद्दल मोठ्या गोष्टी सांगू नका, कारण सुरुवातीचे पगार लहान असतात आणि हा धंदा नाजूक आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा माझे कार्यालय बंद झाले, आणि कित्येक महिने मी सासऱ्यांबरोबर शेतात तूर आणि पऱ्हाटी (कापूस) पाहिली. कोरडवाहू शेती करणाऱ्या माणसाला बेभरवशाचे उत्पन्न म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. उलट आपली मुलगी त्याचा विचार करून आली आहे हे त्यांना दिसू द्या. ‘फिरायला कॉलेज कशाला’ याला उत्तर म्हणून सतराव्या माणसाचा तो हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. शेतीत मजुरी, बियाणे आणि भाव यांचा असाच मेळ ते दरवर्षी घालत असतात, त्यामुळे तो त्यांना आपल्या प्राध्यापकांपेक्षा लवकर समजेल.

महाविद्यालय पाहायला गेल्यावर इमारत आणि संगणकांची खोली दाखवतील ती पाहून घ्या, पण तिसऱ्या वर्षातल्या दोन मुलींना बाहेर चहाच्या टपरीवर भेटून विचारा की प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण किती आठवड्यांचे झाले, ते कोणी मिळवून दिले, आणि तिथे काम दिले की नुसते प्रमाणपत्र. विमान-तिकिटांची आरक्षण प्रणाली प्रत्यक्ष हाताळायला मिळते की फळ्यावर शिकवतात, हेही विचारा. एका खासगी संस्थेने माझ्या नात्यातल्या मुलीकडून ‘विमानतळावर नोकरीची हमी’ म्हणून मोठी रक्कम घेतली होती. हमी कशाची होती हे शेवटपर्यंत कागदावर आले नाही. मुलगी म्हणून रात्रीच्या प्रवासाची काळजी घरी असेल, तर ती रास्त आहे, आणि तिचे उत्तर कामाच्या प्रकारावर ठरते: सहलींबरोबर फिरण्यात रात्री येतातच, आखणी आणि आरक्षणाच्या कामात त्या फारशा येत नाहीत.

सहलीचा कागद तयार झाला की तो सरांना दाखवण्यापूर्वी आईला वाचून दाखवा, आणि ती जे जे विचारील ते समासात लिहीत जा. माझा पहिला असा कागद २००४ सालचा आहे, अजून जपून ठेवला आहे. त्यात मी वर्ध्याहून शेगावला थेट नेले होते, मध्ये कुठेही न थांबता, आणि समासात आईचा प्रश्न माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे: ‘एवढ्या वाटेत बायांनी कुठे जायचे?’ बडनेऱ्याच्या पुढे एक बरा पेट्रोल पंप शोधून मी वेळापत्रक पंचवीस मिनिटांनी पुढे सरकवले. त्या मार्गावर आजही माझी गाडी तेवढा वेळ धरूनच निघते.